रानभाजी खुडल्यावर तिची जागा टिकते का? मुंबईतल्या नवख्यांसाठी मोजणीची पद्धत

जूनमध्ये पहिला पाऊस पडून चार दिवस झाले की दादरच्या बाजारात शेवळांच्या जुड्या दिसायला लागतात. आमच्या घरी त्या दिवशी सोडे भिजत पडतात, काकडं (शेवळांची खाज मारायला घालायची आंबट फळं) शोधली जातात, आणि शेवळं खाजतात म्हणून हाताला तेल लावून सोलायला बसायचं हे ठरलेलं. चार पावसाळ्यांपूर्वी नेहमीच्या मावशींना मी विचारलं, यंदा जुड्या एवढ्या बारीक कशा? त्या म्हणाल्या, "आता लांब जावं लागतं ताई. जवळचं संपलं."

का संपलं? आपण खाल्लं म्हणून? त्या माळावर बंगले उठले म्हणून? की संपलेलं नाहीच, फक्त यंदा वर आलं नाही? बाजारात उभं राहून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी एकाच जागी, ऋतूच्या एकाच टप्प्यावर, वर्षामागून वर्ष जाऊन मोजावं लागतं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. मुलुंडला राहते, नोकरी करते, पावसाळ्यातले रविवार यात घालते. पद्धत हाती यायला तीन पावसाळे गेले आणि त्यातला पहिला जवळजवळ वाया गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

१. झाडाचा कोणता भाग काढला जातो ते आधी बघा

"किती तोडलं?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे, "काय तोडलं?" याच पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. हे चुकलं तर पुढची मोजणीही चुकीच्याच गोष्टीची होते.

टाकळा आणि कुर्डू घ्या. दोन्ही एका पावसाळ्यात उगवून, बी टाकून मरणारी झाडं. कोवळे शेंडे खुडले तर बाजूने फुटवे येतात, आणि चार झाडं जरी पिकली तरी बी भरपूर पडतं. मुंबईत रस्त्याकडेलाही टाकळा दिसतो तो याच्याच जोरावर. इथे लक्ष ठेवायचं ते बी पडतं का यावर.

फोडशीचं तसं नाही. तिला कुणी कुलू म्हणतात, कुणी कवळी. गवतासारखी पाती वर दिसतात, पण खरं झाड खाली आहे: जाडसर मुळांचा झुबका, आणि पाती व मुळं जोडणारी एक छोटी चकती. पाऊस संपला की वरचं सगळं वाळतं आणि झाड आठ महिने जमिनीत झोपून राहतं. पुढच्या वर्षीचा कोंब त्या चकतीतून येतो. विळ्याने जमिनीच्या वर कापलं तर पाती पुन्हा फुटतात. हाताने ओढून चकतीसकट उपटलं तर खाली राहिलेली मुळं कितीही जाड असली तरी त्यांना कोंब येत नाही. मुसळीची लागवड करणारे शेतकरीही मुळाच्या प्रत्येक बोटाला चकतीचा तुकडा राहील असंच कापतात. पांढरी मुसळी ही फोडशीचीच सख्खी बहीण, आणि तिचं शास्त्रीय नाव आहे क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. हे आपलंच बोरिवली. सेंट झेवियर्स कॉलेजमधले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात तिला हे नाव दिलं. औषधासाठी तिची मुळंच खणली जातात, म्हणून रानातल्या मुसळीला भाजीच्या विळ्यापेक्षा कुदळीचा धोका कितीतरी मोठा आहे.

शेवळ मला सगळ्यात उशिरा समजलं. आपण खातो तो कोंब नाही, पान नाही, तो अख्खा फुलोरा आहे. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर आधी फुलोरा वर येतो, तो सुकल्यावर सुरणासारखं एकच विभागलेलं पान येतं. तेच पान पावसाळाभर कंदासाठी अन्न बनवतं. म्हणजे शेवळ कापल्याने ते झाड मरत नाही, कंद खाली सुखरूप असतो. पण त्या वर्षी त्याला फळ धरत नाही, बी पडत नाही. एका माळावरची सगळी शेवळं दरवर्षी कापली तरी माळ बरीच वर्षं भरलेला दिसेल, कारण जुने कंद फुलत राहतील. कमी होतील ती पोरं, आणि ते लगेच डोळ्यांत भरत नाही.

करटोलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळं काढली तर कंद राहतो. पण लागवडीसाठी कंद उपटून नेताना मादी वेलच हेरले जातात, आणि मागे उरतात ते फळ न धरणारे नर. भारंगीची पानं आणि फुलं आपण भाजीला घेतो, तिला त्याने फारसा त्रास होत नाही. औषधाला तिचं मूळ लागतं, तेव्हा झुडूप जातं. साल काढताना खोडाभोवती पूर्ण कडं सोललं तर पानांत बनलेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडाची गोष्ट याहून वाईट. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य सापडतं, त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात, आणि ते मिळवायला खोड-मूळ सगळंच लागतं. म्हणून अख्खी झाडं तोडून नेली गेली.

ढोबळ नियम असा ठेवा. एका हंगामाच्या झाडाचं भवितव्य बियांवर असतं. अनेक वर्षं जगणाऱ्या झाडाचं भवितव्य मोठी झाडं जगण्यावर असतं, आणि ते जगण्याचं प्रमाण थोड्या टक्क्यांनी जरी कमी झालं तरी हिशेब कोसळतो. अमेरिकेत ग्रेट स्मोकी पर्वतात रानकांद्याची एक जात कंदासकट उपटून खातात. तिच्यावर झालेल्या अभ्यासातून निघालेली शिफारस होती, एका जागेतून दर १० वर्षांत एकदाच, आणि तेही फक्त १० टक्के. कंद काढणं किती महाग पडतं ते यावरून कळेल.

२. जागा निवडा, आणि कागद आधी करा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काहीही खुडायचं नाही, उपटायचं नाही, पानसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथे लागू आहे. पाहणीसाठी खुंट्या ठोकायच्या असतील तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आरेतली सुमारे ८०० एकर जमीनही आता राखीव वन आहे. बाकी आरेत ज्यांची वहिवाट आहे त्या पाड्यांना विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नका. रविवारच्या सहलीत हौसेने भाजी खुडणाऱ्या टोळ्या मी पाहिल्या आहेत. ज्यांचं त्या भाजीवर पोट आहे त्यांच्यासाठी मग काय उरतं याचा विचार कुणी केलेला नसतो.

नवख्यासाठी सोपी जागा म्हणजे ओळखीच्या माणसाची मालकीची माळरान जमीन. कर्जत, मुरबाड, शहापूर, वाडा, कुठेही. माझी जागा मुरबाडच्या बाजूला आहे, कल्याणहून एसटीने जाते. लागणारे कागद:

- जमीनमालकाचं लेखी संमतीपत्र, त्यात गट क्रमांक
- सातबाऱ्याची प्रत (हद्द कळण्यासाठी)
- जमीन सामूहिक वनहक्काखाली असेल तर ग्रामसभेची संमती. वनहक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपजावर (लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या गोष्टींवर) तिथल्या लोकांचा हक्क आहे, आपण पाहुणे आहोत
- वनखात्याची जमीन असेल तर परिक्षेत्र कार्यालयाचं पत्र
- ओळखपत्र, आणि कोण, कशासाठी मोजतो हे मराठीत लिहिलेला एक कागद

हा शेवटचा कागद माझ्या फार कामी आला. मोजपट्टी घेऊन माळावर बसलेलं माणूस दिसलं की गावाला वाटतं, जमीन विकली जातेय.

३. सोबत काय घ्यायचं

तीस मीटरची मोजपट्टी, एक मीटर बाजूची घडीची लाकडी चौकट (चार पट्ट्या आणि चार बोल्ट, सुतार अर्ध्या तासात करून देतो), पट्टी, पेन्सिल, जाड कागदाची वही, ती ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, ऑइल पेंटची छोटी डबी. झाडांना नंबर द्यायला कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या डब्याच्या पट्ट्या कापा आणि रिकाम्या बॉलपेनने त्यावर आकडा कोरा. तो पावसात पुसत नाही. पायात गमबूट. गवतात फुरसं (छोटा विषारी साप) असतं आणि ते दिसत नाही. वीज चमकायला लागली की माळ सोडून खाली या.

४. चौकटी आखा, आणि पुढच्या वर्षी त्या सापडतील अशा आखा

फोडशी, शेवळ अशा छोट्या झाडांना १ मीटर बाय १ मीटरची चौकट पुरते. भारंगीसारख्या झुडपांना ५ बाय ५, मोठ्या झाडांना १० बाय १०. किमान दहा चौकटी घ्या: पाच जिथे खुडलं जातं तिथे, पाच जिथे खुडलं जात नाही तिथे.

जिथे भाजी दाट दिसते तिथेच चौकट टाकावीशी वाटते, तो मोह टाळा. दाट जागा निवडली तर पुढच्या वर्षी ती विरळच होणार, कारण त्याहून दाट व्हायला वाव कुठे असतो? मोजपट्टी सरळ अंथरा, चिठ्ठ्यांवर १ ते ३० आकडे लिहा, पाच चिठ्ठ्या उचला, त्या त्या मीटरवर चौकट ठेवा. काही चौकटी रिकाम्या येतील. त्या रिकाम्याच नोंदवा. रिकाम्या जागी नवं रोप आलं तर तीच सगळ्यात चांगली बातमी असते.

न खुडलेल्या पाच चौकटींची निवडही काळजीने करा. न खुडलेली जागा बहुतेक वेळा कड्यावर किंवा काट्याकुट्यात असते, म्हणून तर ती न खुडलेली राहते. मग तिथली माती वेगळी, ऊन वेगळं, गुरं जात नाहीत. अशा जागेशी तुलना करून खुडण्याचा परिणाम कळत नाही. उतार, माती आणि सावली जमेल तेवढी सारखी असलेली जागा शोधा. त्याहून चांगलं म्हणजे खुडणाऱ्या बायकांना विचारून त्यांच्याच वाटेवरचे पाच तुकडे वर्षभर सोडायला सांगणं. त्यांनी स्वतः दाखवलेले तुकडे त्या खरंच सोडतात.

खुणांचं म्हणाल तर सुतळी कुजते, बांबूच्या खुंट्या वाळवी खाते, लोखंडी सळया भंगारात जातात. फोनमधलं जीपीएस झाडीखाली कित्येक मीटर चुकतं आणि आपली चौकट एकाच मीटरची. म्हणून न हलणारा मोठा कातळ धरा, त्यावर ऑइल पेंटने खूण करा, आणि तिथून चौकटीच्या दोन कोपऱ्यांचं अंतर मोजपट्टीने वहीत लिहा. दुसऱ्या एका कातळापासूनही तीच अंतरं घ्या. कातळ, चौकट आणि मागचा डोंगर एकत्र दिसेल असा फोटो काढा.

५. झाडांचे टप्पे मोजा

नुसता "४० झाडं" हा आकडा फार कमी सांगतो. प्रत्येक चौकटीत तीन रकाने करा: यंदाचं रोप, वाढतं झाड, फुललेलं झाड. चौथा रकाना खुडल्याचा: न खुडलेलं, पाती कापलेली, फूल कापलेलं, उपटलेलं.

रकाने कशाला, ते ब्राझील नटच्या गोष्टीतून कळतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं हे प्रचंड झाड, त्याच्या बिया जंगलातूनच वेचल्या जातात, झाडाला कुणी हात लावत नाही. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात २३ ठिकाणच्या झाडांचा अभ्यास आला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जोरात वेचणी झाली होती तिथे म्हातारी झाडं होती आणि तरुण झाडं जवळजवळ नव्हती. आपल्याकडे मोह बघताना हे डोक्यात ठेवा. पडलेली फुलं वेचल्याने झाडाला काही होत नाही. पण फुलं दिसावीत म्हणून खालचा पाचोळा जाळला, आणि पुढे तेलासाठी टोळंबीही (मोहाची फळं-बियाही) सगळी वेचली, की झाडाखाली एक रोप सापडत नाही. म्हातारा मोह फुलत राहतो आणि आपल्याला वाटतं, सगळं छान चाललंय.

आकारही मोजा. फोडशीची सगळ्यात लांब पात, शेवळाच्या दांड्याची उंची. तिबेटच्या बाजूला औषधासाठी हिमकमळ तोडतात, आणि तोडणारे सगळ्यात मोठंच निवडतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वनस्पतिसंग्रहांमधले जुने नमुने तपासले, तेव्हा शंभरेक वर्षांत त्या जातीची उंची घटत गेलेली दिसली. तिच्याच जवळच्या, कमी तोडल्या जाणाऱ्या जातीत तसं झालं नव्हतं. मोठी झाडं बी धरायच्या आधी गेली, बुटकी राहिली, पुढची पिढी बुटक्यांची. मावशींच्या बारीक जुड्यांमागे असंच काही आहे का, हे उंचीची नोंद असेल तरच कधीतरी सांगता येईल.

इथेच माझा पहिला पावसाळा वाया गेला. पहिल्या वर्षी मी जुलैच्या मध्याला गेले आणि शेवळाची पानं मोजली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये जाऊन फुलोरे मोजले. आकडा एवढा घसरला की मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, शेवळ संपत चाललंय. खरं तर लहान झाडांना पान येतं पण फुलोरा येत नाही. पानं मोजली की लहानमोठी सगळी येतात, फुलोरे मोजले की फक्त मोठी. मी दोन वेगळ्या गोष्टींची तुलना केली होती. म्हणून शेवळासाठी दोन फेऱ्या लागतात, एक फुलोऱ्याच्या वेळी आणि एक पानाच्या वेळी.

वेळेबद्दल अजून एक. कॅलेंडरची तारीख धरू नका, पाऊस धरा. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. दरवर्षी "जूनचा दुसरा रविवार" असं ठरवलं असतं तर त्या वर्षी फुलोरे निघून गेल्यावर पोचले असते. गावातल्या कुणाला तरी फोन करून ठेवा: पहिली शेवळं दिसली की कळवा.

मोजताना हे विसरू नका:

- फोडशीच्या एका झुबक्याला एक झाड धरा, पाती मोजू नका.
- यंदा वर न आलेलं झाड मेलं असं लिहू नका. कंदाची झाडं कधीकधी एखादं वर्ष जमिनीतच काढतात. "दिसलं नाही" असं लिहा, आणि सलग तीन पावसाळे दिसलं नाही तरच गेलं म्हणा.
- चौकटीच्या रेषेवरची झाडं कुठल्या दोन बाजूंची धरायची हे एकदा ठरवा आणि तेच पाळा.
- चौकटीत पाय ठेवू नका. रोपं आपल्याच बुटाखाली जातात.

६. खुडणाऱ्या बायकांसोबत एक पहाट घालवा

ही पायरी पुस्तकी वाटते म्हणून लोक टाळतात. टाळू नका. बाजारात दिसते ती जुडी, तिच्यामागचा हात दिसत नाही. मी गेले तेव्हा अंधारातच निघालो. एक आजी फोडशी कापताना प्रत्येक झुबका डाव्या हाताने मुळाशी दाबून धरत होत्या आणि मगच विळा चालवत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "उपटली तर पोरांना काय?" त्यांच्यासोबतची तरुण मुलगी घाईत होती, तिची गाडी सुटायची होती, ती ओढत होती. एकाच माळावर, एकाच सकाळी दोन वेगळे परिणाम. हे वहीत लिहिलं नसतं तर दोन्ही माझ्याकडे "खुडलं" एवढ्याच शब्दात आले असते.

विचारण्याजोगे प्रश्न: या जागी कितीदा परत येता? पूर्वी कुठवर जावं लागायचं? कोणती भाजी कधीपर्यंत खात नाही? वारली पाड्यांवर पहिल्या पावसानंतरची कवळी देवाला दाखवल्याशिवाय खायची नाही अशी रीत आहे. श्रद्धा म्हणून ती आहेच, पण त्यामुळे कोवळ्या पात्यांना सुरुवातीचे काही दिवस मिळतात, आणि हे तुमच्या नोंदीत यायला हवं. त्यांचा वेळ घेता तर त्यांची भाजी विकत घ्या, भाव न करता. फोटो विचारून काढा.

७. हिशेब

समजा, खुडलेल्या पाच चौकटींत मिळून फोडशीचे ४० झुबके होते. पुढच्या पावसाळ्यात त्यातले ३४ सापडले आणि ३ नवे आले. ३४ अधिक ३ म्हणजे ३७. भागिले ४० म्हणजे ०.९२५. हा आकडा १ पेक्षा जास्त असेल तर भाजी वाढतेय, कमी असेल तर घटतेय. ०.९२५ ऐकायला वाईट वाटत नाही. पण दरवर्षी हाच दर राहिला तर नऊ वर्षांत निम्मी भाजी उरते.

आता समजा न खुडलेल्या चौकटींतही ४० होते, त्यातले ३८ टिकले, ४ नवे आले. ४२ भागिले ४०, म्हणजे १.०५. दोन आकड्यांतला फरक हा खुडण्याचा अंदाजे परिणाम. आणि नेमकं कुठे दुखतंय तेही बघा: जुने कमी टिकले (३४ विरुद्ध ३८) ही उपटण्याची खूण, नवे कमी आले (३ विरुद्ध ४) ही बी न पडण्याची खूण. वरच्या आकड्यांत ३ आणि ४ मध्ये फरक म्हणावा एवढं काही नाही. एका रोपाने आकडा बदलतो. पहिला फरक मात्र लक्ष ठेवण्याजोगा आहे.

एका वर्षाच्या फरकावर काहीही जाहीर करू नका. पाऊस उशिरा आला, मध्ये वीस दिवस उघडीप पडली, की दोन्हीकडचे आकडे हलतात. तीन पावसाळे किमान, पाच असतील तर बोलायला धीर येतो.

८. दोष खुडणाऱ्यावर ठेवण्याआधी आजूबाजूला बघा

प्रत्येक चौकटीच्या नोंदीखाली चार ओळी लिहा: गुरं चरली का, वणवा लागला का, घाणेरी किंवा रानमोडी (बाहेरून येऊन माजलेली झुडपं) किती पसरली, आणि जमीन उकरली गेली का. कर्नाटकात बिळिगिरीरंगनच्या टेकड्यांवर सोलिगा लोक आवळा वेचतात. तिथल्या झाडांच्या घटीचा शोध घेताना अभ्यासकांनी वेचणीबरोबर वणवा, घाणेरी आणि झाडांवरचं बांडगूळही तपासलं, आणि वेचणीला एकटीला जबाबदार धरता येत नाही असं दिसलं.

मावशींची ती "जवळची" जागा शेवटी मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिली. माळ सपाट केलेला होता, मुरूम टाकलेला, प्लॉटच्या चुन्याच्या रेषा आखलेल्या. शेवळाचे कंद जेसीबीने मातीसकट उचलून कुठल्या तरी भरावात गेले होते. तिथे कुणी एकही शेवळ न खाता सगळी गेली. आणि मग त्या जागेवर जाणाऱ्या सगळ्या बायका पलीकडच्या माळावर यायला लागल्या, म्हणून तिथलं खुडणं वाढलं. मुंबईच्या आसपास या दोन गोष्टी अशा एकात एक अडकलेल्या असतात. जमीन गेल्याची नोंद तुमच्या वहीत नसेल तर उरलेल्या माळावर खुडणारी बाई दोषी ठरते, आणि ते अन्यायाचं आहे.

९. बाजारात हेच ज्ञान कसं वापरायचं

- फोडशीच्या जुडीला खाली मुळं आणि चकती लटकत असतील तर ती उपटलेली आहे. नुसता पांढरा बुडखा असेल तर कापलेली. मावशींना सांगा, कापलेली असेल तर रोज घेईन. आपण गिऱ्हाईक आहोत, आपलं म्हणणं ऐकलं जातं.
- शेवळं हंगामात एकदोनदाच घ्या. आम्ही घरी आता एवढंच करतो. सासूबाईंना पहिल्या वर्षी जड गेलं.
- "जंगलातली अस्सल" असं सांगून विकलेली मुसळीची पूड घेऊ नका. लागवडीची मुसळी मिळते.
- करटोली लागवडीची मिळाली तर बिनधास्त घ्या.
- न ओळखलेली भाजी एका फोटोवरून ओळखून खाऊ नका.

१०. मोजलेलं आधी कुणाला दाखवायचं

दुर्मीळ झाडाची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. कंदीलपुष्पासारख्या कंदाच्या झाडांचा पत्ता फुटला की पुढच्या रविवारी तिथे कुदळ पोचू शकते. तालुक्याचं नाव पुरे.

आकडे आधी पाड्यावर न्या. मी तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी वही घेऊन गेले, ओसरीवर बसून एकेक चौकट वाचून दाखवली. सातव्या चौकटीला फोडशी दाबून कापणाऱ्या त्या आजींनी थांबवलं. मी ती "न खुडलेली" म्हणून लिहिली होती. त्या म्हणाल्या, "तिथं वरच्या पाड्याच्या बाया येतात, आमच्या आधी, अंधारात." नववीचंही तेच. म्हणजे माझ्या पाच न खुडलेल्या चौकटींपैकी दोन चौकटी तिन्ही वर्षं खुडल्या जात होत्या, आणि दोन्ही बाजूंतला फरक मला दिसत होता त्याहून प्रत्यक्षात मोठा असणार होता. तिथेच बसून रकाने बदलले आणि हिशेब पुन्हा मांडला. वही पेन्सिलने लिहा.